पाणी, रस्ता आणि उतारा

नगर जिल्ह्यात घर किंवा प्लॉट घ्यायचा तर कुठल्या गावाला घ्यावा, हा प्रश्न आज फार वेगवेगळी माणसे विचारतात. पुण्यातून निवृत्त होऊन गावाकडे परतणारे विचारतात, सुप्याच्या कारखान्यांत नोकरीला लागलेली पोरे विचारतात, शिर्डीत लॉज टाकू पाहणारे विचारतात आणि ऊसतोडीच्या फेऱ्यांना कंटाळलेली पाथर्डी-शेवगावकडची कुटुंबेही विचारतात. सगळ्यांना उत्तर मात्र एकच ऐकायला मिळते: ‘तिकडे भाव वाढणार आहेत.’ कुठून कुठला रस्ता निघणार आहे, कुठे एमआयडीसी येणार आहे, कुठले गाव जिल्ह्याचे ठिकाण होणार आहे, एवढ्यावर व्यवहार ठरतात. माझे म्हणणे असे की या जिल्ह्यातले कुठलेही गाव समजून घ्यायचे तर आधी तीन गोष्टी विचाराव्यात. त्याला पाणी कुठून येते, त्याचा रस्ता माणसांना कुठे घेऊन जातो आणि ज्या जमिनीवर घर उभे राहणार ती आधी कोणाची होती. भावाची चौकशी त्यानंतर करावी.

जिल्ह्याचा पसारा ध्यानात घेतला की हे पटायला सोपे जाते. क्षेत्रफळ 17,048 चौरस किलोमीटर, राज्यात पहिला क्रमांक. तालुके 14. सन 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 45 लाख 43 हजारांच्या पुढे आणि त्यातली साधारण पाचातली एकच व्यक्ती शहरात राहणारी. ऑक्टोबर 2024 पासून जिल्ह्याचे अधिकृत नाव अहिल्यानगर झाले. जामखेड तालुक्यातले चौंडी हे अहिल्यादेवी होळकरांचे जन्मगाव. बोलण्यात अजून ‘नगर’च आहे, म्हणून मीही तेच वापरतो. अकोले तालुक्यातल्या घाटघर-रतनवाडीला पावसाळ्यात ढग हटत नाहीत आणि त्याच जिल्ह्यात कर्जत-जामखेडला मृग कोरडा गेला तर टँकरची मागणी सुरू होते. गाड्यांच्या पाट्यासुद्धा दोन आहेत, नगरची एमएच 16 आणि श्रीरामपूरची एमएच 17. तेव्हा ‘नगर जिल्ह्यातला घरांचा बाजार’ असे काही एकसंध नाही. निदान पाच-सहा बाजार आहेत आणि एकातला माणूस दुसऱ्यात फारसा व्यवहार करत नाही.

उत्तर भागापासून सुरुवात करतो, कारण तिथली गावे पाटाच्या पाण्याने घडवली. गोदावरीचे कालवे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात आले. भंडारदऱ्याचे धरण 1910 ला सुरू होऊन 1926 ला पुरे झाले. प्रवरेचा डावा आणि उजवा कालवा ज्या शिवारांतून गेला तिथे बाजरी जाऊन ऊस आला. उसापाठोपाठ खासगी साखर कंपन्या आल्या. हरेगावची बेलापूर कंपनी त्यांतली सर्वांत नावाजलेली. पुढे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीजवळ सहकारी कारखाना उभा राहिला आणि 1950 च्या सुमारास त्याचा गळीत हंगाम सुरू झाला. त्यानंतर कोपरगाव, राहुरी, संगमनेर, अकोले, सोनई, भेंडे असे कारखाने उभे राहत गेले. प्रत्येक कारखान्याने आपल्याभोवती एक वसाहत केली. प्रवरानगर, अमृतनगर, सहजानंदनगर, गणेशनगर, ज्ञानेश्वरनगर ही नावे नकाशावर त्यामुळे आली. तिथे कामगारांची क्वार्टर्स होती, शाळा होती, दवाखाना होता, पुढे इंजिनिअरिंग आणि मेडिकल कॉलेजेही आली. नगररचना खात्याने आखलेली वस्ती म्हणावी अशी ठिकाणे या जिल्ह्यात थोडी. कारखान्यांनी आखलेली पुष्कळ.

पाटपाण्याचा दुसरा परिणाम कमी दिसतो, पण तो मोठा आहे. बागायतदार गावठाण सोडून शेतात राहायला गेला. राहाता, राहुरी, श्रीरामपूर, नेवासा या पट्ट्यात रस्त्याने जाताना गाव लागण्याआधीच घरे लागतात. प्रत्येक मळ्यावर दोन-चार भावांची वस्ती, पुढे गोठा, मागे विहीर, आणि अलीकडे स्लॅबचा दुमजली बंगला. हे घर विकण्यासाठी बांधलेलेच नसते. ते सामाईक गटात असते, वाटण्या तोंडी झालेल्या असतात, कर्ज काढायचे तर बँकेला उतारा दाखवता येत नाही. म्हणजे या भागात घरे भरपूर असूनही घरांचा बाजार लहान आहे. बाहेरून आलेल्या शिक्षकाला किंवा नर्सला तालुक्याच्या गावातच भाड्याने खोली शोधावी लागते ती याचमुळे.

श्रीरामपूर हे या सगळ्या इतिहासाचे सर्वांत चांगले उदाहरण आहे. दौंड-मनमाड लोहमार्गावर बेलापूर गावासाठी स्टेशन झाले, स्टेशनाजवळ साखर आणि गुळाची पेठ वाढली आणि त्या पेठेचे शहर झाले. आजही रेल्वेच्या पाटीवर बेलापूर आणि बाहेर श्रीरामपूर. जुनी वेस, किल्ला, वाडे असले काही नाही. सरळ रस्ते, मोठी बाजारपेठ, फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबे, मारवाडी-गुजराती आडती, ख्रिस्ती वस्ती. सन 2011 मध्ये इथली लोकसंख्या 89 हजारांच्या आसपास होती, म्हणजे नगर शहरानंतरचे जिल्ह्यातले सर्वांत मोठे शहर. तरीही इथल्या घरांच्या भावाला संगमनेर किंवा शिर्डीसारखी गती आली नाही. मोठे महामार्ग शहराच्या बाजूने गेले आणि साखरधंद्याचा जोर सहकारी कारखान्यांकडे, म्हणजे गावांकडे, सरकला. माझ्या मते घर राहण्यासाठीच घ्यायचे असेल तर श्रीरामपूर जितके दुर्लक्षित आहे तितके व्हायला नको. रुंद रस्ते, रेल्वे आणि पाटाचे पाणी या तिन्ही गोष्टी एकत्र असलेले दुसरे शहर जिल्ह्यात सहज सापडत नाही.

पण श्रीरामपूरच्या भोवताली जमिनीचा उतारा वाचताना थांबावे लागते. खासगी कंपन्यांनी शेतकऱ्यांकडून खंडाने घेतलेल्या जमिनी कमाल जमीन धारणा कायद्यानंतर सरकारजमा झाल्या आणि 1963 ला स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य शेती महामंडळाकडे गेल्या. हरेगाव, टिळकनगर, साकरवाडी, लक्ष्मीवाडी, चांगदेवनगर हे सगळे मळे त्यातले. मूळ मालकांनी, म्हणजे खंडकऱ्यांनी, पिढ्यान्‌पिढ्या लढा दिला आणि गेल्या दीड दशकात त्यांच्या वारसांना जमिनी परत मिळू लागल्या. सुरुवातीला त्या भोगवटादार वर्ग 2 म्हणून मिळाल्या, पुढे वर्ग 1 करण्याचा निर्णय सरकारने घेतला. महामंडळाच्या काही जमिनी औद्योगिक वसाहतीसाठीही दिल्या गेल्या. शहराच्या कडेला एवढी सलग जमीन सरकारच्या हातात असणे ही राज्यात दुर्मीळ गोष्ट होती. त्यातल्या थोड्या भागावर तरी कष्टकऱ्यांसाठी नीट आखलेली वसाहत करता आली असती. मळ्यांवरच्या जुन्या चाळींत राहणाऱ्या महामंडळाच्या कामगारांची घराच्या जागेची मागणी तर खंडकऱ्यांच्या मागणीइतकीच जुनी आहे आणि ती मला तितकीच न्याय्य वाटते.

संगमनेरची गोष्ट निराळी. पुणे-नाशिक महामार्गावर, प्रवरा आणि म्हाळुंगी यांच्या काठी वसलेले हे जुने बाजाराचे गाव. इथून नाशिक सुमारे 70 किलोमीटर, तर पुणे 140. इथली माणसे नगरला सरकारी कामापुरतीच जातात. मुलाची नोकरी, पेशंटचे ऑपरेशन, लग्नाचा बस्ता हे सगळे नाशिक नाहीतर पुणे. त्यामुळे भावही त्या दोन शहरांकडे बघून हलतात. सन 2011 मध्ये नगरपालिकेच्या हद्दीत 66 हजारांच्या आसपास माणसे होती, पण हा आकडा फसवा आहे. खरी वाढ हद्दीबाहेर घुलेवाडी, गुंजाळवाडी अशा ग्रामपंचायतींत झाली. शहराची शाळा, शहराचा दवाखाना, पण गटार, रस्ता आणि पाणी ग्रामपंचायतीचे, अशी ती घरे. घर घेणाऱ्याने हद्दीची ही रेघ कुठे आहे ते आधी पाहावे. करात वाचलेला पैसा पुढे बोअर आणि टँकरवर जातो.

संगमनेर-अकोल्याच्या भावात आज दोन गोष्टी मिसळलेल्या आहेत. एक खरी, निळवंडे धरणाची. सन 1970 ला मंजूर झालेल्या या प्रकल्पाचे पाणी डाव्या कालव्यातून 2023 च्या मे महिन्यात पहिल्यांदा सोडले गेले आणि त्याच वर्षी 26 ऑक्टोबरला पंतप्रधानांच्या हस्ते कालव्याचे लोकार्पण झाले. तळेगाव-निमोणकडच्या ज्या दुष्काळी गावांतून तरुण बाहेर पडत होते, तिथे जमीन पहिल्यांदाच टिकवण्यासारखी वाटू लागली. दुसरी गोष्ट अजून कागदावरची, पुणे-नाशिक अर्धद्रुतगती रेल्वेची. संगमनेरवरून जाणाऱ्या मार्गासाठी काही जमिनींची खरेदीही झाली. मग नारायणगावजवळच्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीला बाधा येईल म्हणून मार्ग बदलण्याची चर्चा सुरू झाली आणि शिर्डी-नगरकडून मार्ग नेण्याचा विचार पुढे आला. स्टेशन कुठे होणार या अंदाजावर ज्यांनी गुंठे घेऊन ठेवले, ते आज आंदोलनाच्या मंडपात बसलेले दिसतात. रेल्वे यावी ही मागणी रास्तच आहे. पण रूळ पडेपर्यंत तिची किंमत प्लॉटमध्ये धरू नये.

शिर्डीबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण जिल्ह्यातला सर्वांत महाग आणि सर्वांत नाजूक बाजार तोच आहे. साईबाबांनी 1918 ला समाधी घेतली तेव्हा हे एक खेडे होते. सन 2011 च्या जनगणनेत 36 हजार माणसांचे गाव झाले आणि त्या माणसांच्या कितीतरी पट भाविक सणावाराला येऊन जातात. साईनगर रेल्वे स्टेशन 2009 ला सुरू झाले, काकडीचा विमानतळ 1 ऑक्टोबर 2017 ला. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा 11 डिसेंबर 2022 ला खुला झाला, मुंबईची वंदे भारत फेब्रुवारी 2023 ला आली आणि जून 2025 मध्ये समृद्धी मुंबईच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचला. एवढ्या थोड्या काळात एवढी वाहतूक वाट्याला आलेले दुसरे गाव महाराष्ट्रात क्वचितच असेल.

याचा घरांवर काय परिणाम झाला? मंदिराभोवतीच्या जागेवर घर बांधणे परवडेनासे झाले. प्रत्येक इंच खोलीला, दुकानाला, पार्किंगला. जुने गावकरी मळ्यात राहायला गेले आणि गावातल्या जागेवर लॉज उभे राहिले. वेटर, हाऊसकीपिंगची माणसे, हार-प्रसाद विकणारे, रिक्षावाले, संस्थानचे कंत्राटी कामगार हे राहाता, साकुरी, रुई, सावळीविहीर, पिंपळवाडी इथे खोल्या करून राहतात. सोयीचे म्हणून लॉजची खोली महिन्याने देण्याची पद्धतही पडली. शिर्डी ही पाहुण्यांसाठी बांधलेली वसाहत आहे. तिथे राबणाऱ्यांसाठी बांधलेली वसाहत अजून कुणी हाती घेतलेली नाही.

नाजूक म्हणण्याचे कारण 2020 मध्ये दिसले. मंदिर 17 मार्च 2020 ला बंद झाले ते 16 नोव्हेंबरला उघडले. पुन्हा 5 एप्रिल 2021 ला बंद होऊन 7 ऑक्टोबरला, घटस्थापनेला, उघडले. त्या काळात शिर्डीतल्या रस्त्यांवर ‘विकणे आहे’च्या पाट्या लागल्या. कर्ज काढून बांधलेल्या लॉजचे हप्ते थांबले आणि कामगार गावोगाव परतले. ज्या गावाचे सगळे उत्पन्न एका दाराशी बांधलेले आहे, त्या गावातली मालमत्ता ही घर म्हणून घ्यायची की धंदा म्हणून, हे घेणाऱ्याने स्वतःशी स्पष्ट करावे. धंदा म्हणून घेतली तर तिचा हिशेब धंद्यासारखाच, मंदीचे दिवस धरून, मांडावा लागतो.

समृद्धीबद्दलचा एक गैरसमजही इथेच दूर करायला हवा. हा महामार्ग कोपरगाव तालुक्यातून जातो, पण तो दोन्ही बाजूंनी बंदिस्त आहे. शेताच्या बांधाला लागून सहापदरी रस्ता असला तरी त्यावर चढता येते ते इंटरचेंजवरच. तेव्हा ‘समृद्धी टच’ अशी जाहिरात केलेल्या प्लॉटला त्या रस्त्याचा आवाज मिळतो, उपयोग मिळतोच असे नाही. उपयोग खरा झाला तो थेट खरेदीने जमीन दिलेल्यांना. त्यांच्या हातात एकदम रक्कम आली आणि त्यातली बरीच पुन्हा जमिनीतच गेली, आजूबाजूच्या गावांत. त्यामुळे ज्या गावावरून रस्ता गेला नाही तिथलाही भाव चढला, आणि त्या गावातल्या अल्पभूधारकाला शेजारचा अर्धा एकर घेणे अशक्य झाले.

कोपरगावला हे सगळे जवळ आहे. गोदावरीही गावातून वाहते. तरी कोपरगावकराला घराविषयी विचारा, तो आधी टाकीची क्षमता सांगेल. नदी आहे, कालवा आहे, पण कालव्याच्या आवर्तनावर साठवण तलाव भरायचे आणि पुढचे आवर्तन येईपर्यंत पुरवायचे, असा नगरपालिकेचा संसार. उन्हाळ्यात नळाला आठवड्यातून एकदाही पाणी आले तरी बरे, असे दिवस या गावाने पुष्कळ काढले. पाण्याचा हा ताण कोपरगावपुरता नाही. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या 2005 च्या कायद्यात खोऱ्यातल्या धरणांमध्ये समन्यायी वाटपाचे कलम आहे. त्यानुसार तुटीच्या वर्षी मुळा, भंडारदरा-निळवंडे आणि नाशिकच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडावे लागते. मराठवाड्याचा हक्क मला मान्य आहे. पण म्हणूनच नगर-नाशिकच्या गावांत घर घेणाऱ्याने धरण भरले का, एवढेच पाहून चालत नाही. भरलेल्या धरणातला आपल्या गावाचा पिण्याचा कोटा किती आणि तो साठवायची सोय किती, हे पाहावे लागते. नगरपालिकेत चौकशी केली तर कळते. चौकशी करणारेच फार कमी.

आता नगर शहर. पाण्याची वाट लांबून आणावी लागते हे इथे नवे नाही. सन 1490 नंतर वसलेल्या निजामशाही नगराला आसपासच्या गावांतून खापरी नळांनी पाणी येत असे आणि फराहबागेसारखे जलमहाल त्यावर उभे होते. आज मुळा धरणातून विळद घाटाकडून पाणी चढवून आणले जाते. ‘दिवसाआड’ हा शब्द नगरकराच्या रोजच्या बोलण्यातला. शहर वेशींच्या आत माळीवाडा, चितळे रोड, कापड बाजार, दिल्ली गेट एवढे होते. पुढे सावेडीला प्रोफेसर कॉलनी, गुलमोहोर रोड, पाइपलाइन रोड, भिस्तबाग, तपोवन रोड असे ते उत्तरेला सरकत गेले. महानगरपालिका 2003 ला झाली. सन 2011 मध्ये तिच्या हद्दीत साडेतीन लाख माणसे होती, शेजारी भिंगारची छावणी वेगळी.

सावेडी हे नोकरदारांचे नगर आहे. शिक्षक, बँकेतली माणसे, तालुक्यांतून मुलांच्या शिक्षणासाठी आलेली बागायतदार कुटुंबे. इथे अजूनही बंगल्याचा प्लॉट ही प्रतिष्ठा आहे. फ्लॅटकडे माणसे नाइलाजाने किंवा लिफ्टमुळे वळली. दक्षिणेला केडगाव वेगळे. लूना बनवणाऱ्या कायनेटिकचा कारखाना दौंड रस्त्याला आला तेव्हापासून तो कामगारांचा भाग. छोटे प्लॉट, रो हाऊस, पुण्याकडे रोज ये-जा करणाऱ्यांना सोयीचे. नागापूर-बोल्हेगाव एमआयडीसीला लागून, म्हणून तिथे भाड्याच्या खोल्यांची संख्या मोठी. घर भाड्याने घेणाऱ्याने बोल्हेगावपासून सुरुवात करावी, विकत घेणाऱ्याने केडगाव पाहावे, असे मी सांगेन. सावेडीत जमिनीच्या भावाने पगारदार माणसाला केव्हाच मागे टाकले आहे.

शहराच्या वाढीला दोन अडथळे आहेत आणि त्यांची माहिती जाहिरातींत कधी नसते. एक लष्कराचा. चिलखती दळाचे आणि यांत्रिक पायदळाचे केंद्र इथे आहे. लष्करी हद्दीलगत बांधकाम करायचे तर ना-हरकत लागते. शिवाय नगर, राहुरी आणि पारनेर तालुक्यांच्या सीमेवर के. के. रेंज हे सरावक्षेत्र आहे. त्याच्या विस्ताराची चर्चा उठली की त्या पट्ट्यातल्या गावांत खरेदी-विक्री थंडावते, शेतकरी विहीर खोदायलाही कचरतो. दुसरा अडथळा रस्त्याचा होता. पुणे, मनमाड, संभाजीनगर, सोलापूर, कल्याण, बीड अशा सगळ्या दिशांची जड वाहने शहरातूनच जात. उड्डाणपूल वर्षानुवर्षे गाजून अखेर नोव्हेंबर 2022 मध्ये खुला झाला. नगर-मनमाड रस्ता मात्र राहुरीपासून कोपरगावपर्यंत इतकी वर्षे खड्ड्यांत आणि अपघातांत आहे की राहुरीच्या घरांचा भाव त्या रस्त्याने खाली धरून ठेवला असे म्हटले तर चुकणार नाही. तिथे 1968 पासून महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे, मुळा धरण आहे. एक चांगला रस्ता तेवढा नाही.

सुपे हे जिल्ह्यातले सर्वांत नवे नगर म्हणायला हवे. पुणे रस्त्यावरचे पारनेर तालुक्यातले हे गाव, जुनी एमआयडीसी आणि तिला जोडून आलेले जपानी औद्योगिक क्षेत्र. कामगार बीड, पाथर्डी, जामखेड, थेट बिहारपर्यंतचे. त्यांना घर कोणी बांधले? शेतकऱ्यांनी. रस्त्याच्या कडेच्या गटात दहा बाय दहाच्या खोल्यांची रांग, पुढे सामाईक नळ, एका खोलीत चार पोरे. शेतकऱ्याला बाजरीपेक्षा हे पीक परवडते आणि त्याला मी दोष देणार नाही. पण औद्योगिक क्षेत्र आखताना भूखंड, वीज, पाणी यांचे आकडे ठरतात, आणि तिथे येणारा कामगार रात्री झोपणार कुठे याचा आकडा ठरत नाही. रांजणगाव-शिरूरला हेच झाले होते. सुप्यात ते डोळ्यांदेखत पुन्हा झाले.

दक्षिणेकडची गावे मी थोडक्यात सांगतो, कारण तिथला बाजार अजून लहान आहे. श्रीगोंदा कालव्यामुळे आणि कारखान्यांमुळे जरा सावरलेला. कर्जत-जामखेडला औद्योगिक वसाहतीच्या जागेवरून विधिमंडळापर्यंत वाद गेला आणि जमीन घेऊन ठेवणारे त्या वादाकडे डोळे लावून बसले. पाथर्डी-शेवगावला घर बांधले जाते ते बहुधा कोयत्याच्या उचलीतून, शिक्षकी पेशातल्या मुलाच्या पगारातून किंवा सैन्यातल्या निवृत्तीच्या पैशातून, आणि ते विकायला कधी निघत नाही. नगर-बीड-परळी लोहमार्गावर सप्टेंबर 2022 मध्ये आष्टीपर्यंत आणि सप्टेंबर 2025 मध्ये बीडपर्यंत गाडी सुरू झाली. तिचा परिणाम या पट्ट्यावर हळूहळू दिसेल.

या जिल्ह्यात बाजाराचे नियम न मानणारी दोन गावेही आहेत. शनिशिंगणापूरला घरांना दारे नसतात ही गोष्ट देशभर माहीत आहे. 2011 ला तिथे युको बँकेने कुलपाविना शाखा उघडली. घराची किंमत कुलपावर ठरत नाही हे तिथे दिसते. पण विषयाच्या दृष्टीने मला हिवरेबाजार अधिक महत्त्वाचे वाटते. सरपंच पोपटराव पवारांच्या काळात पाणलोटाच्या कामाने वर आलेल्या या गावाने ग्रामसभेत ठरवले की गावची जमीन बाहेरच्याला विकायची नाही. कायद्याच्या काटेकोर भाषेत असा ठराव कितपत टिकेल हा वेगळा प्रश्न. गावकऱ्यांनी तो पाळला आणि रोजगारासाठी बाहेर पडलेली कुटुंबे परत आली तेव्हा त्यांना परतायला जागा उरलेली होती. बाकीच्या गावांत पाणी आले की जमीन विकली जाते. पाणी आणण्याच्या श्रमाचा मोबदला गावाकडेच राहावा यासाठी इतका साधा आणि इतका कठीण उपाय दुसऱ्या कोणी केलेला मला ठाऊक नाही.

व्यवहाराच्या कागदांकडे वळू. शेतातून शहराकडे चालत गेले तर भाव सांगण्याचे माप बदलत जाते. आधी एकरी, मग गुंठ्याने, शेवटी चौरस फुटाने. एक एकर म्हणजे 40 गुंठे, एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट. जिथे शेतकरी एकरी भाव सोडून गुंठ्यावर येतो तिथे शहराची खरी हद्द सुरू होते, मग नगरपालिकेचा नकाशा काहीही म्हणो. आणि सगळी फसगत त्या गुंठ्यांच्या पट्ट्यातच होते. तुकडेबंदीचा कायदा 1947 चा. जुलै 2021 च्या परिपत्रकाने अशा तुकड्यांचे दस्त नोंदवणे थांबवले, मे 2022 मध्ये औरंगाबाद खंडपीठाने ते परिपत्रक रद्द ठरवले, ऑगस्ट 2023 मध्ये ग्रामीण भागासाठी बागायतीला 10 आणि जिरायतीला 20 गुंठे असे किमान क्षेत्र ठरले आणि 2025 च्या अध्यादेशाने जुने छोटे व्यवहार नियमित करण्याची वाट उघडली. यातली पहिली दोन पावले पडली तेव्हा महसूलमंत्री संगमनेरचे बाळासाहेब थोरात होते आणि तिसऱ्याच्या वेळी शेजारच्या शिर्डीचे राधाकृष्ण विखे पाटील. राज्याच्या जमिनीचा कारभार जवळपास पाच वर्षे या दोन शेजारी तालुक्यांतून चालला, आणि तरी याच तालुक्यांत नोटरीच्या कागदावर गुंठे विकले गेले, सात-बाऱ्यावर दहा-दहा नावे सामाईक चढली. एवढी गरज लोकांना होती.

म्हणून घेणाऱ्याला माझे कळकळीचे सांगणे: विसार देण्याआधी सात-बाराच्या ‘इतर हक्क’ या रकान्यापाशी थांबा. कुळकायद्याचे कलम 43, इनाम, देवस्थान, पुनर्वसन, वर्ग 2 यांपैकी काही तिथे असेल तर ती जमीन विकत घेण्यापूर्वी कोणाची परवानगी लागते ते तलाठ्याला विचारा. जायकवाडी आणि मुळा यांच्या विस्थापितांना दिलेल्या जमिनी शेवगाव, नेवासा, राहुरीकडे आहेत. त्या सहज हस्तांतर होत नाहीत. फेरफार मागे जेवढे मिळतील तेवढे काढा. एनएचा आदेश आणि मंजूर लेआऊट हे दोन वेगळे कागद आहेत; एक दाखवून दुसरा असल्याचे भासवले जाते. मोठा प्रकल्प असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक मागा, प्लॉटच्या प्रकल्पांनाही तो लागतो. मोजणी करून चारी खुणा स्वतः उभे राहून पाहा. आणि लेआऊटमधली खुली जागा कोणाच्या नावावर आहे, हे विचाराच. मुलांच्या खेळासाठी म्हणून नकाशात दाखवलेला तो तुकडा दहा वर्षांनी विकलेला आढळतो.

आता ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला तिकडे येतो. जिल्ह्याच्या कुठल्याही शहराबाहेर जा. तारेचे कुंपण, दगडी खुणा, वाढलेले गाजरगवत आणि मधून विजेचे खांब अशी मंजूर लेआऊट मैलोन्‌मैल पसरलेली आहेत. घरे मोजकी. हे प्लॉट राहण्यासाठी घेतलेले नाहीत, पैसा ठेवण्यासाठी घेतलेले आहेत. त्याला कारणही आहे. पतसंस्था बुडाल्या, 1910 ला स्थापन झालेल्या नगर अर्बन बँकेचा परवाना ऑक्टोबर 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने रद्द केला. ज्या सहकारावर जिल्ह्याने बचत सोपवली होती त्याने असा धक्का दिल्यावर माणसे जमिनीकडे वळली, यात नवल नाही. पण बचत जमिनीत गेली की जमीन घरासाठी मिळेनाशी होते.

ती कोणाला मिळत नाही? भूमिहीन घरकुल लाभार्थ्याला. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट प्रदेशात घर बांधायला 1 लाख 20 हजार रुपये मिळतात, पण त्यासाठी आधी जागा पाहिजे. जागेसाठी दीनदयाळ उपाध्याय योजनेतून आधी 50 हजार मिळत, नंतर 1 लाख झाले, आणि तेही 500 चौरस फुटांपर्यंतच्या जागेला, म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून कमी. राहाता, संगमनेर किंवा केडगावजवळ या पैशात अर्धा गुंठा कोण देईल? मग ते कुटुंब गायरानावर पत्रे ठोकते आणि अतिक्रमणधारक ठरते. ऊसतोड कामगार सहा महिने कारखान्याच्या फडात कोपी घालून राहतो आणि उरलेले सहा महिने गावाला आई-बापांच्या एका खोलीत. ज्या साखरेने या जिल्ह्यात प्रवरानगर, अमृतनगर उभी केली, त्या साखरेचा ऊस तोडणाऱ्याच्या नावाने अजून एक वसाहत झालेली नाही.

करण्यासारखे बरेच आहे. शेती महामंडळाची उरलेली जमीन वाटून संपण्याआधी तिच्यातला ठरावीक हिस्सा घरकुलांसाठी राखता येईल. मंजूर लेआऊटमधला काही वर्षे मोकळा राहिलेला प्लॉट घर बांधलेल्या प्लॉटपेक्षा जास्त कराला पात्र धरता येईल. औद्योगिक भूखंड देताना कामगारांच्या भाड्याच्या घरांची अट घालता येईल. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजलेल्या गावठाणांच्या सनदा वेळेवर हातात दिल्या तर गावातल्या घरावर कर्ज मिळेल आणि मुलगा शेतात बांधण्याऐवजी गावठाणातले पडके घर उभे करील.

वर दिलेले लोकसंख्येचे सगळे आकडे 2011 चे आहेत, कारण 2021 ची जनगणना झालीच नाही. त्यानंतर शिर्डीला विमान आले, समृद्धी आला, सुपे वाढले, निळवंड्याचे पाणी आले. 2027 च्या जनगणनेच्या घरयादीत प्रत्येक घर वापरात आहे की रिकामे, हे नोंदले जाईल. ते आकडे प्रसिद्ध होतील तेव्हा जिल्हा परिषदेने आणि नगरपालिकांनी ते गावनिहाय काढून घरकुलाच्या प्रतीक्षायादीशेजारी ठेवावेत, आणि पुढच्या विकास आराखड्यातली निवासी जमीन त्यावरून ठरवावी.